रत्नागिरीत मुक्काम, रोज एक फेरी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रत्नागिरीत दोन-चार दिवस राहायचं, रोज सकाळी निघायचं आणि रात्री जेवायला परत यायचं, असा बेत करणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. गाड्यांच्या वेळा आणि भाडी मुद्दामच दिलेली नाहीत. ती बदलत राहतात, आणि त्यासाठी स्टँडवरची चौकशी खिडकी बरी.

नकाशावर सगळं जवळ दिसतं. मग गणपतीपुळे, पावस आणि मार्लेश्वर एकाच दिवशी का करू नये?

करता येतं, पण दिवस गाडीतच जातो. इथल्या अंतरांचा हिशेब किलोमीटरवर मांडला की फसतो. सह्याद्री समुद्रापासून जेमतेम ५०-६० किलोमीटरवर उभा आहे. तिथून नद्या घाईघाईने पश्चिमेला उतरतात आणि किनाऱ्याशी येऊन खाडी करून बसतात: जयगडला शास्त्री, भाट्याला काजळी, पूर्णगडला मुचकुंदी, जैतापूरला राजापूरची खाडी. दोन खाड्यांच्या मधे जांभ्याचा उंच सडा, म्हणजे उघडं कातळाचं पठार. त्यामुळे किनाऱ्याचा रस्ता सतत चढतो, सड्यावरून पळतो, वळणावळणाने खाली उतरतो, पूल ओलांडतो आणि पुन्हा चढतो. महामार्ग सोडला की ताशी ३० किलोमीटर धरून चाला. त्याहून लवकर पोहोचलात तर चहाला वेळ मिळेल.

यातून एकच नियम निघतो आणि पुढची सगळी उत्तरं त्यावरच उभी आहेत: एका दिवसाला एक दिशा. उत्तरेला गणपतीपुळे-जयगड, दक्षिणेला पावस-पूर्णगड-कशेळी, पूर्वेला देवरुख-मार्लेश्वर किंवा संगमेश्वर-कसबा. दोन दिशा एका दिवसात जोडल्या की दोन्ही वेळा शहर ओलांडावं लागतं, आणि नेमकी सूर्यास्ताची वेळ कुठल्या तरी नाक्यावर जाते.

तीनच दिवस आहेत. कुठले तीन निवडावेत?

एक उत्तरेचा, एक दक्षिणेचा आणि एक खुद्द रत्नागिरीचा. पावसाळा असेल तर दक्षिणेऐवजी पूर्वेचा घ्या.

शहराचा दिवस वगळण्याकडे लोकांचा कल असतो, कारण मुक्काम तिथेच असतो आणि "ते येता-जाता बघू" असं ठरतं. येता-जाता काही बघून होत नाही. रत्नदुर्ग, थिबा पॅलेस, टिळकांचं जन्मस्थान, पतितपावन मंदिर, मिरकरवाड्याचं बंदर आणि संध्याकाळी मांडवीचा किनारा एवढ्यात दिवस भरतो. त्याबद्दल शेवटच्या प्रश्नात.

गणपतीपुळ्याला आरे-वारेवरून जावं की निवळीवरून?

जाताना आरे-वारे, यात दुसरा विचार नको. हा किनाऱ्याचा रस्ता सुमारे २५ किलोमीटरचा आहे. महामार्गावरून निवळीमार्गे जवळपास दुप्पट पडतं. पण खरं कारण अंतर नाही. आऱ्याचा किनारा संपला की रस्ता कड्यावर चढतो आणि वळणावर दोन्ही पुळणी एकदम खाली दिसतात. गाडी वळणावर उभी करू नका, थोडं पुढे रुंद जागा आहे. वळण आंधळं असतं आणि मागून येणारी एसटी तुमच्या फोटोसाठी थांबणार नाही.

मोठी बस घेऊन येणाऱ्यांनी मात्र निवळीचाच रस्ता धरावा.

गणपतीपुळ्याला किती वेळ ठेवावा?

दर्शन आणि प्रदक्षिणा मिळून दीड-दोन तास. इथे डोंगरच गणपती मानला जातो, त्यामुळे प्रदक्षिणा देवळाला नसून टेकडीला घालतात. ती साधारण एक किलोमीटरची आहे. दुपारी फरशी तापते, म्हणून सकाळी लवकर जा. अंगारकीला किंवा मे महिन्यातल्या शनिवार-रविवारी जाणार असाल तर वरचा हिशेब विसरा.

समुद्राबद्दल स्पष्ट सांगायला हवं. गणपतीपुळे आणि आरे-वारे दोन्ही किनारे पोहायला धोक्याचे आहेत. पाण्याखाली उतार एकदम लागतो, परतणारी लाट ओढ घेते, आणि चांगलं पोहता येणारी माणसंही इथे बुडालेली आहेत. घोट्यापर्यंत पाण्यात उभं राहायला हरकत नाही. जीवरक्षकाने शिट्टी मारली की वाद न घालता बाहेर यायचं.

मालगुंड तिथून अगदी जवळ आहे. केशवसुतांचा जन्म तिथला, १८६६ चा. त्यांचं जन्मघर आणि त्यालगतचं स्मारक पाहायला अर्धा-पाऊण तास पुरतो. शाळेत कविता पाठ केलेल्यांना जास्तही लागेल. आणखी तास हाताशी असेल तर कोळिसऱ्याचं लक्ष्मीकेशव मंदिर बघा; खाली झाडीत उतरत जाणारी वाट, बाराही महिने वाहणारा झरा, आणि पुळ्याच्या गर्दीतला एक दशांशही माणूस नाही.

जयगडहून फेरीबोटीने गुहागर एका दिवसात होईल का?

होईल, पण मग गणपतीपुळ्याचं दर्शन वेगळ्या दिवशी ठेवा. जयगडच्या जेट्टीवरून तवसाळला फेरीबोट जाते, तिच्यात माणसांबरोबर गाडीही चढते. शास्त्रीची खाडी पाण्यावरून थोड्याच वेळात ओलांडता येते. ती बोट नसेल तर रस्त्याने लांबचा वळसा पडतो.

पलीकडे उतरल्यावर आधी हेदवी: दशभुज गणेशाचं पेशवेकालीन देऊळ, आणि किनाऱ्यावर बामणघळ. बामणघळ म्हणजे कातळातली अरुंद चीर. भरतीच्या वेळी लाट तिच्यात घुसते आणि कोंडलेलं पाणी उंच उसळतं. ओहोटीला गेलात तर नुसती चीर दिसेल आणि सोबतचे लोक तुमच्याकडे बघतील. पुढे वेळणेश्वर, तिथे माडांच्या सावलीतला वळणदार किनारा. त्यापुढे गुहागर, पण ते आलंच पाहिजे असं नाही. हेदवी आणि वेळणेश्वर निवांत करून मागे फिरणारे जास्त खूश असतात, असा माझा तरी समज आहे.

जाताना जेट्टीवर उतरल्या उतरल्या परतीच्या शेवटच्या बोटीची वेळ विचारून घ्या. पावसाळ्यात समुद्र खवळला की बोट बंद ठेवतात. त्या दिवसांत निघण्याआधीच चौकशी करा.

जयगडचा किल्ला बोटीच्या आधी बघून होतो. कऱ्हाटेश्वराचं देऊळ मात्र चुकवू नका. समुद्राला लागून कातळावर आहे, पायऱ्या उतरलं की गोमुखातून गोडं पाणी पडतं आणि चार हातांवर खारा समुद्र.

भरती-ओहोटीची वेळ कशी कळणार?

मोबाइलवर कळते. पण कोकणात जुना हिशेब आहे आणि तो कालनिर्णय हाताशी असेल तर नेटवर्कशिवाय चालतो. तिथीच्या आकड्याचा पाऊणपट करा, त्या सुमाराला पूर्ण भरती. चतुर्थीला ३ वाजता, अष्टमीला ६ वाजता, पौर्णिमेला किंवा अमावास्येला १५ चा पाऊणपट म्हणजे सव्वाअकरा. दिवसाही आणि रात्रीही. त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडे-तिकडे होतो, सहलीला तेवढं पुरे.

पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमीच्या सुमाराला भांग, तेव्हा फरक कमी. बामणघळीसाठी उधाणाची भरती बघा. किनाऱ्यावर लांब चालायचं असेल तर ओहोटी. खडकांवरून टोकापर्यंत जाणाऱ्यांनी पाणी चढतंय की उतरतंय हे आधी पाहावं. परतीची वाट पाण्याखाली जायला फार वेळ लागत नाही.

दक्षिणेच्या दिवसात काय काय बसतं?

भाट्याचा पूल ओलांडला की सुरुवात. पावस सुमारे २० किलोमीटर, तिथे स्वामी स्वरूपानंदांचं समाधी मंदिर. स्वामी १९७४ मध्ये गेले. मंदिर शांत आहे आणि तिथे येणारे लोकही शांत असतात, म्हणून मोबाइल गाडीतच ठेवलेला बरा. पावसजवळ गणेशगुळे: जुनं जांभ्याचं गणेश मंदिर आणि जवळजवळ रिकामा किनारा. "गुळ्याचा गणपती पुळ्याला गेला" असं इकडे म्हणतात. ही कथा गुळ्याच्या माणसाकडूनच ऐकावी, पुळ्याला ती वेगळी ऐकू येते.

पुढे पूर्णगड. मुचकुंदीच्या मुखावरचा हा लहानसा किल्ला अर्ध्या तासात फिरून होतो, पण तटावरून खाडी आणि समुद्र दोन्ही दिसतात. पूल ओलांडून पुढे कशेळीचं कनकादित्य मंदिर. कोकणात सूर्याची देवळं मोजकीच, त्यातलं हे एक. शिलाहार राजा भोजाचा ताम्रपट इथे आहे. त्याच बाजूला आडिवऱ्याची महाकाली. सूर्यास्ताला कशेळीजवळ देवघळीच्या कड्यावर थांबा. कठडा असला तरी मुलांचा हात सोडू नका.

उशिरा निघालात तर यातलं पूर्णगड गाळा. किल्लेप्रेमींना हे पटणार नाही, पण देवघळीचा सूर्यास्त गाळण्यापेक्षा ते परवडतं.

कातळशिल्पं बघायची आहेत. कुठली जमतील?

ज्या दिशेला त्या दिवशी निघालात तिथलं एक ठिकाण जोडा. कातळशिल्पं म्हणजे सड्यावरच्या कातळात कोरलेली जुनी चित्रं; त्यांच्यासाठी जिल्हा पिंजून काढायची गरज नाही. उक्षीला हत्ती कोरलेला आहे आणि भोवती गोल कठडा बांधल्यामुळे तो नीट बघता येतो, म्हणून पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी हेच ठिकाण चांगलं. दक्षिणेच्या दिवशी कशेळीच्या सड्यावरचा हत्ती बघा, तो सुमारे १८ मीटर लांब आहे आणि त्याच्या पोटात इतर प्राण्यांची गर्दी आहे. राजापूरकडे जाणार असाल तर बारसू, देवीहसोळ, देवाचे गोठणे. देवाचे गोठणेला एका जागी होकायंत्राची सुई भलतीकडे वळते. जवळ होकायंत्र असेल तर न्या, मुलं खूश होतात.

२०२२ मध्ये कोकणातली ही शिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. तरी बहुतेक ठिकाणी ना तिकीट आहे ना रखवालदार. गावातल्या कुणाला तरी बरोबर घ्या. सड्यावर वाटा फुटतात आणि शिल्प दहा पावलांवर असूनही दिसत नाही. रेषांवर पाय देऊ नका, त्यांत खडू किंवा पाणी भरून फोटो काढू नका. सकाळी नऊच्या आत किंवा चारनंतर जा: तिरप्या उन्हात रेषा उठून दिसतात. भर दुपारी रेषाही दिसत नाहीत आणि सावलीला झाडही मिळत नाही.

विजयदुर्ग रत्नागिरीहून एका दिवसात करावा का?

किल्ल्याचं वेड असेल तर करा, नाहीतर देवगड-मालवणच्या फेरीसाठी ठेवा. तो सिंधुदुर्ग जिल्ह्यात आहे. एका बाजूला तीन तास धरले पाहिजेत, आणि किल्ल्यात त्याहून कमी वेळ देणं हा त्याच्यावर अन्याय आहे. तिहेरी तटबंदी आहे, बुरूज मोठे आहेत, आणि आंग्र्यांच्या आरमाराचं हे मुख्य ठाणं होतं. १७५६ मध्ये इंग्रजांनी ते तुळाजी आंग्र्यांकडून घेतलं, तेही पेशव्यांच्या साथीने. हा इतिहास तटावर उभं राहून सांगायला सोबत जाणकार असेल तर दिवस सार्थकी लागतो. सकाळी सहाला निघा, वाटेत दुसरं काहीही ठरवू नका.

राजापूरची गंगा बघायला मिळेल का?

आलेली असेल तर. ही गंगा म्हणजे मधूनच जमिनीतून उगवणारे झरे. साधारण तीन वर्षांनी येते असं म्हणतात, पण ती कॅलेंडर पाळत नाही. आली की बातमी सगळीकडे होते. नसेल तेव्हाही कोरडी कुंडं, जवळच्या उन्हाळे गावचं गरम पाण्याचं कुंड आणि धूतपापेश्वर बघण्यासारखं आहे. धूतपापेश्वराला पावसाळ्यात जा, देवळाशेजारी नदीचा धबधबा असतो.

पूर्वेकडे काय आहे? समुद्र सोडून तिकडे कशाला जायचं?

पाऊस सुरू असेल तर तिकडेच जायचं. मार्लेश्वर देवरुखच्या पुढे, मारळ गावाच्या वर डोंगरात आहे. चार-पाचशे पायऱ्या आहेत, वर गुहेत शंकर, आणि समोर धारेश्वर धबधबा. गुहेत विजेचे दिवे नाहीत, समयांच्या उजेडात दर्शन घ्यायचं. आत साप असतात आणि ते तिथलेच मानले जातात. पुजारी सांगतील तसं वागा. मकरसंक्रांतीला साखरप्याच्या गिरिजादेवीशी मार्लेश्वराचं लग्न लागतं, तेव्हा गर्दी अफाट.

संगमेश्वरजवळचं कसबा हा वेगळा दिवस. १६८९ च्या फेब्रुवारीत संभाजी महाराज इथे पकडले गेले, एवढंच बहुतेकांना माहीत असतं. गाव त्याहून जुनं आहे. कर्णेश्वराच्या देवळात शिरलात की आधी वर बघा. छतावरचं कोरीव काम बघता बघता मान दुखते. गावात आणखी पडकी देवळं झाडीत विखुरलेली आहेत.

पावसाळ्यात यावं का?

जुलैत समुद्र बघायला या, समुद्रात उतरायला नको. धबधबे पूर्वेला, आणि पाऊस थोडा उसंत देऊ लागला की ऑगस्ट-सप्टेंबरात सड्यावर रानफुलं. किल्ल्यांच्या पायऱ्यांवर शेवाळं असतं, चपला घालून जाऊ नका. कोकण रेल्वे पावसाळ्यात वेगळ्या वेळापत्रकाने आणि कमी वेगाने धावते, तेव्हा जुनी वेळ डोक्यात धरून स्टेशनवर जाऊ नका. गणेशोत्सवाच्या आदल्या आठवड्यात चाकरमान्यांची गर्दी असते. रेल्वे भरलेली, महामार्ग तुंबलेला. सहलीसाठी तो आठवडा सोडा.

स्वतःची गाडी नाही. एसटीने जमेल?

पावस आणि गणपतीपुळे सहज. जवळच्या गावांच्या गाड्या रहाटघरच्या स्टँडवरून सुटतात, लांबच्या मुख्य स्थानकातून. कुठली कुठून हे आदल्या दिवशी विचारा. महिलांना एसटीत निम्मं तिकीट आहे आणि ७५ वर्षं पूर्ण झालेल्यांना प्रवास मोफत, आधार कार्ड जवळ ठेवा.

आडगावांना मात्र दिवसातून दोन-तीनच गाड्या असतात. गाडीतून उतरताना कंडक्टरला परतीची शेवटची गाडी विचारायची, आणि तिच्याआधीची पकडायची. कशेळी-देवघळी, कातळशिल्पं आणि हेदवी यांसाठी चौघांत मिळून दिवसभराची गाडी ठरवलेली सोपी. रिक्षा असो वा जीप, थांबायचा वेळ धरून भाडं आधीच ठरवा.

जेवणाचं काय?

गणपतीपुळे आणि शहर सोडलं तर बाराच्या आत फोन करून सांगा. घरगुती खाणावळीत किती माणसं आहेत ते कळल्यावर तांदूळ वैरतात. एक वाजता सहा जण अचानक दारात उभे राहिले तर नाही म्हणणार नाहीत, पण तासभर बसावं लागेल. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते. त्या काळात "ताजी सुरमई" म्हणून ताटात काय येतं याचा विचार करावा, आणि कुळथाचं पिठलं मागावं. सकाळी निघताना घावने मिळाले तर पोटभर खा, दुपार सरकते.

आजी-आजोबा आणि लहान मुलं बरोबर आहेत.

पावस, गणपतीपुळे आणि मालगुंड ठीक. मार्लेश्वर आणि कऱ्हाटेश्वर पायऱ्यांमुळे विचार करून. घाटवळणांत ज्यांना गाडी लागते त्यांना पुढे बसवा. दिवसाला दोन ठिकाणं आणि एक किनारा, यापुढे जाऊ नका. दुपारी दोन तास मुक्कामावर किंवा माडाखाली विश्रांती ठेवलीत तर संध्याकाळी कुणी कुरकुरणार नाही.

शेवटचा दिवस आहे आणि रात्रीची रेल्वे आहे. कुठे जावं?

कुठेही लांब जाऊ नका, शहरातच फिरा. सकाळी मिरकरवाड्याला होड्या लागतात तो गलबला बघा. मग रत्नदुर्ग: तिन्ही बाजूंनी समुद्र, वर भगवतीचं देऊळ. ऊन चढलं की थिबा पॅलेस. ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला इंग्रजांनी १८८५ मध्ये पदच्युत करून इकडे आणून ठेवलं. हा राजवाडा त्याच्यासाठी १९१० मध्ये बांधून झाला आणि १९१६ मध्ये तो इथेच वारला. आत संग्रहालय आहे, सोमवारी बंद असतं. शेवटचा दिवस सोमवार येत असेल तर हा भाग आधीच्या दिवशी हलवा. मुलं असतील तर झाडगावचं मत्स्यालय बघा, तिथे देवमाशाचा सांगाडा आहे. पतितपावन मंदिर १९३१ चं. सावरकर रत्नागिरीत स्थानबद्ध असताना भागोजीशेठ कीरांनी ते बांधून दिलं, आणि ते सर्व जातींना खुलं होतं.

संध्याकाळी मांडवीला बसा, पण सामान बरोबर घेऊन. स्टेशन गावाच्या बाहेर, सहा-सात किलोमीटरवर आहे. रात्री उशिरा रिक्षा कमी होतात, म्हणून रिक्षावाल्याला दुपारीच वेळ सांगून ठेवा.